भरलेलं चलन पुसलं जात नाही

रस्ता आणि कायदा : भाग ९

मागच्या भागात ई-चलन कसं निघतं ते पाहिलं. आता त्यापुढचा प्रश्न. दंड भरला की प्रकरण मिटलं, असं आपण सगळे धरून चालतो. मोटार वाहन कायदा २०१९च्या दुरुस्तीपासून तसं मानत नाही.

पुण्यात वारज्यातला हायवेच्या कडेचा सर्व्हिस रोड घ्या. पुलाखालून वळसा टाळायचा म्हणून माई मंगेशकर रुग्णालयाच्या परिसरात दुचाक्या सर्रास उलट्या दिशेने येतात. रस्ता ओलांडणारी बाई गाड्या जिकडून यायला हव्यात तिकडे बघून पाऊल टाकते आणि पाठीमागून हॉर्न वाजवत कुणीतरी अंगावर येतं. असा गाडीवाला एकदाच चुकलेला नसतो. त्याचा तो रोजचा रस्ता असतो.

धोकादायकरीत्या वाहन चालवण्यात कलम १८४ आता उलट दिशेने येणं, सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून चालवणं हेही नाव घेऊन मोजतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तसाच गुन्हा तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते, किंवा दंड १०,००० रुपये, किंवा दोन्ही. दारू पिऊन गाडी चालवल्यास, म्हणजे कलम १८५ खाली, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड; दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत किंवा १५,०००. दोन्हीकडे न्यायालय कैद आणि दंड एकत्रही देऊ शकतं.

खरी मेख कलम २०० मध्ये आहे. हातातल्या मोबाइलसारखे काही गुन्हे कोर्टात न जाता जागेवर दंड भरून मिटवता येतात, त्याला तडजोड म्हणतात. पण अशी तडजोड झाली तरी तो गुन्हा ‘आधी केलेला’ म्हणून धरला जाईल, असं हे कलम स्पष्ट सांगतं. म्हणजे आज मुकाट्याने पैसे भरले, तरी पुढच्या वेळी आपण दुसऱ्यांदा गुन्हा करणारे ठरतो. अतिवेग, विनाहेल्मेट, मद्यपान अशा गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवलं, तर कलम १९ प्रमाणे पहिल्यांदा ते तीन महिने निलंबित होऊ शकतं आणि दुसऱ्यांदा रद्द. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला हा घाव दंडापेक्षा कितीतरी मोठा.

मग चलनं साठली की माणूस ‘सराईत’ ठरतो का? नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १३ आधीच्या शिक्षेमुळे जन्मठेपेपर्यंत वाढ करू देतं. पण ते फक्त नाणी-नोटा-मुद्रांक आणि मालमत्तेविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांना लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्यातही साधे वाहतूक गुन्हे मोजले जात नाहीत. वाहतुकीची पुनरावृत्ती वाहतूक कायद्यातच मोजावी, हे मला योग्य वाटतं. सिग्नल तोडणारा आणि घरफोड्या एकाच मापात नकोत.

मात्र ती मोजणी खरी व्हायला हवी. कॅमेरा पाहतो नंबर प्लेट; चलन जातं मालकाच्या नावावर. स्कूटर वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा. दुसऱ्यांदा गुन्हा करणारा तोच माणूस होता हे दाखवता आलं नाही, तर वाढीव शिक्षा कागदावर राहते आणि उलटा येणारा उलटाच येत राहतो. चौकात अडवलेल्या प्रत्येक चालकाचं लायसन्स त्या चलनाला जोडलं गेलंच पाहिजे, आणि उलट दिशेचं चलन हलक्या कलमाखाली फाडून सोडून देणं थांबलं पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढं करावं : वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ अॅपवर चलन दिसलं की आधी फोटो उघडून बघा. गाडी तुमची नसेल किंवा नोंद चुकीची असेल, तर पैसे भरण्याआधी तिथेच तक्रार नोंदवा. लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून चलनं साठवू नका, आणि आधीचं चलन भरलंय म्हणून पाटी कोरी झाली असंही समजू नका.