बेंझीनचा माग

इस्तंबूलच्या गाळ्यांमध्ये बूट बनवणाऱ्यांना रक्ताचा कर्करोग होतो आहे, हे तिथले डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांच्या लक्षात आलं. १९७४ साली त्यांनी अशा २६ जणांची नोंद प्रसिद्ध केली. काहींचा आजार पुरता बळावलेला, काहींचा उंबरठ्यावर. सगळ्यांच्या हाताशी बेंझीन मिसळलेला गोंद होता आणि कोंदट गाळ्यातल्या हवेत बेंझीनचं प्रमाण शेकडो पीपीएमपर्यंत जाई. एवढं विष शोधायला फार हुशारी लागत नाही. आज बऱ्या कारखान्यात ते एक पीपीएमच्या खाली असतं, तरी निर्धोक म्हणता येत नाही. खरी कसोटी तिथे लागते.

हवा मोजून अर्धंच उत्तर मिळतं. कॉलरला अडकवलेली नळी मास्कच्या बाहेरची हवा मोजते. मास्क नीट बसला होता का, द्रावक कातडीतून मुरलं का, हे तिला समजत नाही. लघवीत मात्र नाकातून गेलेलं आणि कातडीतून गेलेलं, दोन्हींचा हिशेब उतरतो. तोही बहुतेक मूळ रसायनाच्या रूपात नव्हे. यकृत बेंझीन मोडतं, त्याचे नवे पदार्थ करतं आणि ते मूत्रपिंडाकडे सोडून देतं.

त्यातला मोठा वाटा फिनॉलचा, म्हणून आधी फिनॉलच मोजलं जायचं. पण आहारातल्या प्रथिनांपासूनही शरीरात फिनॉल तयार होतंच. हवेत पाच पीपीएमपेक्षा कमी बेंझीन असेल, तर कामगार आणि त्याचा घरी बसलेला भाऊ यांच्या लघवीत फरक दिसत नाही. मग म्युकोनिक आम्ल पुढे आलं. शोषलेल्या बेंझीनपैकी शंभरातले तीन-चार भाग त्या वाटेने बाहेर पडतात. चाचणी सोपी, स्वस्त. पण सॉस, जॅम टिकवण्यासाठी वापरतात त्या सॉर्बिक आम्लापासूनही शरीर तेच बनवतं. शेवटी सर्वांत विश्वासू ठरलं फिनिलमर्कॅप्ट्युरिक आम्ल. बेंझीनचा जेमतेम हजारावा भाग या रूपात उतरतो, पण ते जेवणातून येत नाही. मात्र काहींच्या शरीरात ते बनवणारं एक विकर जन्मतःच नसतं. त्यांचा आकडा फसवा कमी येतो. उलट विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा वाढलेला दिसतो, आणि त्यात चाचणीची चूक नसते. धुरात बेंझीन असतंच.

थिनरमधल्या टोल्युइनची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. त्याची खूण म्हणून हिप्युरिक आम्ल वर्षानुवर्षं मोजलं गेलं. ते चहानेही वाढतं, आणि लोणच्यात किंवा कोल्ड्रिंकमध्ये घातलेल्या सोडियम बेंझोएटनेही. दिवसाला चार-पाच कटिंग पिणाऱ्या रंगाऱ्याच्या अहवालात थिनर किती आणि चहा किती, हे कोण सांगणार? हवेतल्या टोल्युइनची मर्यादा खाली आली, तशी ही चाचणी निकामी होत गेली. आता ऑर्थो-क्रेसॉल किंवा लघवीत न मोडता उतरलेलं थोडंसं टोल्युइनच मोजतात.

नमुना कधी घेतला, यावरही सगळं ठरतं. फिनिलमर्कॅप्ट्युरिक आम्ल साधारण नऊ तासांत निम्मं होतं, म्युकोनिक त्याहून लवकर. म्हणून बाटली पाळी संपताना भरायची. साप्ताहिक सुटीनंतर सकाळी कामावर येतानाच ती भरून घेतली, तर कागद स्वच्छ येणार, आणि तसा कागद कुणाला हवा असतो हे सांगायला नको. कॅडमियम या धातूचं उलट आहे. ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षं ठाण मांडतं, तिथे वेळेची घाई नसते. भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे मांडतात. लघवी फारच पातळ किंवा फारच घट्ट असेल, तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो.

आकडा वाढलेला आला की त्या माणसाला तिथून हलवायचं आणि जागी दुसरा उभा करायचा, हा सोपा मार्ग. माझ्या मते चाचणीचा याहून वाईट वापर नाही. एका यंत्राभोवतीच्या सगळ्यांचे आकडे चढले असतील, तर दोष धूर ओढून घेणाऱ्या पंख्यात किंवा गळक्या जोडात शोधायला हवा. एकट्याचाच चढला असेल, तर आधी त्याचे हातमोजे पाहावेत, मग त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट. आणि अहवाल त्या कामगाराच्या हाती, त्याला समजेल अशा भाषेत पडायला हवा. लघवी त्याची आहे.