'लेदरस्टॉकिंग' कादंबरीमालिका आणि तिचा वाचक : थरार, इतिहास आणि 'अखेरचा मोहिकन'

बीजशब्द : ऐतिहासिक कादंबरी, वसाहतकालीन अमेरिका, फेनिमोर कूपर, मोहिकन जमात, वाचक

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक दोन अपेक्षा बाळगून असतो. कथा उत्कंठावर्धक असावी आणि तिच्यातून गतकाळाचे ज्ञानही व्हावे. पहिली अपेक्षा पूर्ण झाली की दुसरीही पूर्ण झाली, असा त्याचा सहज समज होतो. अमेरिकन लेखक जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) यांची 'लेदरस्टॉकिंग टेल्स' ही पाच कादंबऱ्यांची मालिका या समजाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात तिच्यातील थराराचे स्वरूप, इतिहासाशी असलेले तिचे नाते आणि वाचकांवरील तिचा परिणाम यांचा विचार केला आहे.

मालिकेचे स्वरूप

'द पायोनियर्स' (१८२३), 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६), 'द प्रेअरी' (१८२७), 'द पाथफाइंडर' (१८४०) आणि 'द डिअरस्लेयर' (१८४१) या कादंबऱ्यांचा नायक एकच आहे. नॅटी बम्पो हा गोऱ्या आईबापांचा, पण मूलनिवासींच्या सहवासात वाढलेला शिकारी आहे. चिंगाचगूक हा मोहिकन सरदार त्याचा जिवलग मित्र आहे.

प्रकाशनाचा क्रम आणि कथाकाळाचा क्रम येथे वेगवेगळा आहे. पहिल्या कादंबरीत, १७९३ साली, नॅटी वृद्ध आहे; तिसरीत तो मरण पावतो; तर सर्वांत शेवटी लिहिलेल्या कादंबरीत तो १७४० च्या दशकातील तरुण म्हणून भेटतो. ब्रिटिश वसाहतींचा काळ दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कादंबरीत येतो. चिंगाचगूकचा मृत्यू मात्र पहिल्याच कादंबरीत घडून गेलेला असतो. त्यामुळे पुढील साहसे वाचताना त्यांचा शेवट वाचकास आधीच ठाऊक असतो.

कूपर यांचे तंत्र साधे आहे. पाठलाग, कैद, सुटका आणि पुन्हा पाठलाग अशी कथेची चाल असते. मोडलेली फांदी, ओल्या मातीतील पाऊल, दूरवरचा आवाज यांवर जीवनमरण अवलंबून असते. मार्क ट्वेन यांनी १८९५ मधील लेखात याच तंत्राची यथेच्छ खिल्ली उडविली. कूपर यांच्या अरण्यात शांतता आवश्यक असते, नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी वाळक्या काटकीवर पाय देतो, असा त्यांचा आक्षेप होता. तरीही वाचकांची ओढ कमी झाली नाही. संगीतकार फ्रान्झ शुबर्ट यांनी नोव्हेंबर १८२८ मध्ये, मृत्यूपूर्वी एक आठवडा, मित्रास पत्र लिहून कूपर यांची आणखी पुस्तके मागविली होती.

इतिहास आणि कल्पित

'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'च्या केंद्रस्थानी एक सत्य घटना आहे. फ्रेंच व ब्रिटिश यांच्यातील युद्धात, ऑगस्ट १७५७ मध्ये, फ्रेंच सेनापती मॉन्काल्म यांनी जॉर्ज सरोवराच्या दक्षिण टोकावरील फोर्ट विल्यम हेन्री या किल्ल्यास वेढा घातला. जवळच्या फोर्ट एडवर्डहून मदत न आल्याने किल्लेदार जॉर्ज मन्रो यांनी ९ ऑगस्ट रोजी शरणागती पत्करली. ब्रिटिश सैन्यास सन्मानाने जाऊ द्यावे, असे ठरले. हा तह करताना फ्रेंचांच्या मूलनिवासी मित्रांना मात्र विश्वासात घेतले गेले नाही. युद्धातील कैदी व लूट हाच त्यांच्या श्रमांचा मोबदला असे आणि तहाने तोच नाकारला. दुसऱ्या दिवशी निघालेल्या तुकडीवर त्यांनी हल्ला केला.

कूपर यांनी तळटीपेत मृतांची संख्या पाचशे ते पंधराशे अशी सांगितली आहे. इतिहासकार इयन स्टील यांनी १९९० मध्ये कागदपत्रांच्या आधारे ती ६९ ते १८४ यांदरम्यान ठरविली. कादंबरीत हल्ल्यामागील फसवणुकीची भावना मागे पडते आणि रक्तपिपासू क्रौर्य तेवढे उरते. मन्रो यांच्या दोन कन्या तर सर्वस्वी कल्पित आहेत.

नावांचाही घोटाळा आहे. कादंबरीतील अखेरचा तरुण मोहिकन अन्कस हा आहे. इतिहासातील अन्कस मात्र सतराव्या शतकातील कनेटिकटच्या मोहेगन या वेगळ्या जमातीचा प्रमुख होता.

'अखेरचा' या शब्दाचा परिणाम

सर्वांत दूरगामी ठरला तो शीर्षकातील 'अखेरचा' हा शब्द. कथेच्या ओघात वाचक अन्कसच्या मृत्यूने व्यथित होतो आणि एक जमात नामशेष झाली असे मानून पुस्तक मिटतो. वास्तव निराळे होते. मोहिकनांचे नेते हेन्ड्रिक ऑपॉमट यांचा जन्म कादंबरीतील घटनांच्याच वर्षी, १७५७ मध्ये, झाला आणि ते १८३० पर्यंत हयात होते. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांची जमात न्यूयॉर्कमधून आजच्या विस्कॉन्सिनकडे स्थलांतर करीत होती. त्याच जमातीतील इलेक्टा क्विनी यांनी १८२८ मध्ये तेथे शाळा चालविली. आज ही जमात स्टॉकब्रिज-मन्सी समुदाय या नावाने विस्कॉन्सिनमध्ये नांदत आहे.

समकालीन वाचकांतही मतभेद होते. मिशिगन प्रदेशाचे गव्हर्नर लुइस कॅस यांनी १८२८ मध्ये आक्षेप घेतला, तो कूपर यांचे मूलनिवासी वास्तवापेक्षा अधिक उदात्त असल्याचा. पुढे १८३० च्या स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी युद्धमंत्री या नात्याने याच कॅस यांच्याकडे आली. कूपर यांची सहानुभूती खरी होती. परंतु जे लोक आता उरलेच नाहीत असे वाटते, त्यांच्याविषयी हळहळणे सोपे असते. त्यांच्या जमिनीचा प्रश्न मग उपस्थित होत नाही.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या पदव्युत्तर इंग्रजी अभ्यासक्रमांत अमेरिकन साहित्याचा समावेश असतो. कूपर शिकविताना कथेतील थरार नाकारण्याचे कारण नाही. तोच विद्यार्थ्यास पुस्तकाकडे आणतो. मात्र कादंबरी संपल्यावर एक प्रश्न वर्गात विचारला जावा : ज्यांना आपण अखेरचे मानले, त्यांचे पुढे काय झाले? हा प्रश्न विचारणारा वाचक कादंबरीचा आस्वाद गमावत नाही आणि ती वाचून झाल्यावर इतिहासाकडेही वळतो.