मुका रुग्ण, अजाण ग्राहक

भाजी घेणारा गृहस्थ भेंडी मोडून पाहतो, कापड घेणारी गृहिणी पोत चाचपते. वैद्यकीय सेवेच्या ग्राहकाला मात्र अशी पारख करता येत नाही, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच विस्ताराने मांडले. माणसाच्या आजारात निदान रुग्ण स्वतः बोलतो. पाळीव प्राण्याच्या आजारात रुग्ण मुका आणि पैसे मोजणारा अजाण, अशी दुहेरी अडचण असते. डोळ्याच्या दुखण्यात तर ती विशेषच जाणवते.

कुत्र्याचा डोळा लाल झाला, त्यातून पाणी गळू लागले, तर त्यामागे साधा दाह असू शकतो. अश्रू आटल्याने आलेला कोरडेपणा, बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा व्रण किंवा काचबिंदूही असू शकतो. लक्षण एक, पण उपचार परस्परविरोधी. दाहावर गुणकारी ठरणारे स्टेरॉइडचे थेंब व्रणावर पडले तर व्रण चिघळून डोळा गमावण्याची पाळी येते. काचबिंदूचा तीव्र झटका आल्यास काही तासांतच दृष्टीची कायमची हानी होऊ शकते. हा भेद ओळखण्याची साधने मात्र दुर्मिळ नाहीत. फ्लुरोसीनच्या रंगपट्टीने व्रण हिरवा उमटतो, शर्मर चाचणीच्या कागदपट्टीवर एका मिनिटात अश्रूंची ओल मोजता येते आणि टोनोमीटर डोळ्यातील दाब सांगतो. यांपैकी पहिल्या दोन चाचण्यांना खर्च थोडा आणि वेळ काही मिनिटांचा लागतो.

प्रत्यक्षात जिल्ह्याच्या गावातील एखाद्या कारकुनाच्या वाट्याला काय येते? पहिल्या दवाखान्यात एक थेंब, आठवड्याने दुसऱ्या दवाखान्यात दुसरा थेंब, आणि पगाराचा मोठा हिस्सा संपल्यावर ‘मुंबई-पुण्याला दाखवा’ हा सल्ला. चिठ्ठीवर औषधाचे नाव असते, निदानाचे नसते. त्यामुळे पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. मधल्या काळात डोळा वाट पाहत थांबत नाही.

याचा सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपली सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती बैल, गाय आणि म्हैस यांच्यासाठी. १९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने दुधाला जे महत्त्व दिले, त्यातून तिची दिशा अधिकच पक्की झाली. पदवी अभ्यासक्रमातही नेत्ररोग हा शल्यचिकित्सेचाच एक भाग असतो. दुसरीकडे बाजाराने नवे प्राणी घरोघरी आणले. २००३ च्या सुमारास मोबाईल सेवेच्या एका जाहिरातीने पग जातीचा कुत्रा लोकप्रिय केला. पण बाहेर आलेल्या डोळ्यांमुळे या जातीला व्रणाचा धोका अधिक, हे जाहिरातीने सांगितले नाही.

‘कुत्र्यामांजरांचे लाड’ म्हणून हा प्रश्न उडवून लावणेही सयुक्तिक नव्हे. संसर्गाने गाई-वासरांचे डोळेही येतात, आणि तीच रंगपट्टी त्यांच्याही कामी येते.

ग्राहकाला चांगला-वाईट माल ओळखता येत नसेल, तर चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही, हा जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७० सालचा सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो. तपासणी करणारा डॉक्टर महाग दिसतो, नुसते थेंब लिहून देणारा स्वस्त. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. पण कायदा कितीही चांगला असला तरी दाद मागायला पुरावा लागतो, आणि केसपेपरच नसेल तर पुरावा कोठून येणार?

म्हणून सुधारणेचा आरंभ कागदापासून व्हावा. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा आहे आणि व्यावसायिक आचाराचे नियम करण्याचा अधिकार तो परिषदेला देतो. केलेली चाचणी, तिचा निष्कर्ष आणि संभाव्य निदान मालकाला लेखी द्यावे. व्रण नाही याची खात्री केल्याविना डोळ्यात स्टेरॉइड घालू नये. आणि ठरलेल्या मुदतीत गुण न आल्यास रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढे तीन नियम काटेकोरपणे पाळले गेले तरी पुष्कळ डोळे वाचतील. त्यासाठी अंदाजपत्रकात मोठ्या तरतुदीची वाट पाहण्याचे कारण नाही.