चौकट : ब्राझील ते गोवा, व्हाया एजंट

परदेशी फुटबॉलपटू मैदानात उतरण्याआधी एजंटाने क्लबांना त्याच्या खेळाच्या चित्रफिती दाखवून पगार, घर आणि विमानभाड्यावर घासाघीस केलेली असते. पुढे दोन देशांच्या महासंघांत आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्राची देवघेव झाली, की मगच नोंदणी.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रेचा होजे रामिरेझ बारेटो 1999 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडे आला. 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्याने मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून जिंकली.

गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मात्र घरी परतलाच नाही. 5 डिसेंबर 2004, बेंगळुरू, फेडरेशन चषकाची अंतिम लढत. धेंपोचे दोन्ही गोल त्याचेच. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि दगावला. वैद्यकीय सोय आणि विमा या कलमांसाठी एजंटाने पगाराइतकेच अडून बसायला हवे, ते यासाठी.

एजंटांचा परवाना ‘फिफा’ने 2015 मध्ये रद्द केला, 2023 मध्ये परीक्षेसह परत आणला. खेळाडूकडून घ्यायच्या दलालीला मर्यादा घातली: वार्षिक 2 लाख डॉलरपर्यंतच्या मानधनावर 5 टक्के, वरच्या रकमेवर 3 टक्के. युरोपातील न्यायालयीन लढाईमुळे 2023 च्या अखेरीस ही मर्यादा स्थगित झाली.