हेलिकॉप्टरचे इंजिन आणि अदृश्य गव्हर्नर

गुऱ्हाळघरातील चरक ऑइल इंजिनावर चालत असे, त्या काळात करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातील शेतकऱ्याला गव्हर्नर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नसे. चरकात उसाची मोळी गेली की इंजिनावर भार येई, ते दबे. गव्हर्नर इंधन वाढवी आणि फेरे पूर्ववत होत. ऊस संपला की भार हलका होऊन इंजिन भरधाव सुटू पाही. गव्हर्नर इंधन आवरी. फिरत्या दांड्याला जोडलेली दोन वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात, मंदावला की आत येत. सारी करामत एवढीच. स्प्रिंग ढिली झाली किंवा वजनाची खीळ झिजली, तर शिवाजी उद्यमनगरातील मेस्त्री नुसत्या आवाजावरून दोष सांगे. दोष डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई आणि सुटा भाग बदलून दूरही होई.

हेलिकॉप्टरच्या इंजिनापुढील प्रश्न तत्त्वतः हाच आहे. वैमानिकाने डाव्या हाताची दांडी वर उचलली की डोक्यावरील पात्यांचा कोन वाढतो, पाती हवा अधिक कापू लागतात आणि इंजिनावर भार येतो. पात्यांचे फेरे मात्र जवळजवळ स्थिर राहावे लागतात. ते फार घटले तर उचल नाहीशी होते, फार वाढले तर यंत्राचे भाग तुटण्याची वेळ येते. भार वाढताच नेमके किती इंधन सोडावयाचे, हे ठरविणारा गव्हर्नर पूर्वी द्रवदाबावर व दंतचक्रांवर चालत असे. गेल्या चार दशकांत त्याची जागा संगणकाच्या पेटीने घेतली. तिला ‘फॅडेक’ म्हणतात. इंजिनावर पूर्ण अधिकार असलेले अंकीय नियंत्रण, असा त्याचा अर्थ. यातील ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इंधनाची झडप किती उघडावयाची हे वैमानिकाचा हात ठरवीत नाही, पेटीतील आज्ञावली ठरविते.

या बदलाने हेलिकॉप्टर एकंदरीने अधिक सुरक्षित झाले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वैमानिकाचे लक्ष इंजिनाच्या काट्यांवरून सुटून बाहेर लागू शकते, इंधन वाचते, इंजिनाचे आयुष्य वाढते. तक्रार यंत्राविषयी नाही. प्रश्न असा आहे की, या नव्या गव्हर्नरची तपासणी कोणी व कशी करावयाची?

धातूच्या भागाची परीक्षा करण्याची रीत शंभर वर्षांत पक्की झाली आहे. तो किती फेऱ्यांनंतर थकतो, हे प्रयोगशाळेत मोजता येते. क्ष-किरणांनी तडा शोधता येतो. ठराविक तासांनंतर भाग बदलता येतो. अपघातानंतरही धातू साक्ष देतो. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर कोसळले, तेव्हा प्राथमिक तपासात ‘स्वॉशप्लेट’ हा भाग तडकल्याचे आढळले आणि देशातील सर्व ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांची उड्डाणे काही महिने थांबविण्यात आली. आज्ञावली मात्र झिजत नाही, तडकत नाही, गंजत नाही. तिच्यातील चूक पहिल्या दिवसापासून तिच्यात असते आणि तापमान, वेग, भार व एखाद्या संवेदकाचा चुकीचा निरोप यांचा विशिष्ट मेळ जुळेपर्यंत ती निमूट पडून राहते. मेळ जुळला, चूक घडली आणि वीज गेली की मागे काही उरतेच असे नाही.

विमाशास्त्राचा एक प्राथमिक सिद्धांत येथे लागू पडतो. परस्परांपासून स्वतंत्र असलेले धोके एकत्र केले की एकूण धोका कमी होतो. सर्व धोके एकाच कारणाशी बांधलेले असतील तर तो कमी होत नाही. एका घराची आग दुसऱ्या घराला लागत नाही तोवर विमा कंपनी निश्चिंत असते. पंचगंगेचा पूर सगळ्या गावात एकदम शिरतो. एका इंजिनाला दोन पंप बसविले तर दोन्ही एकाच क्षणी बिघडण्याचा संभव अत्यल्प असतो. पण दोन संगणकांत एकच आज्ञावली भरली असेल, तर एक जी चूक करील तीच दुसराही करील. म्हणूनच केवळ पेट्यांची संख्या सांगून सुरक्षिततेची हमी देता येत नाही.

नियमनकर्त्यांनी या अडचणीतून एक वाट काढली आहे. अमेरिकेच्या विमान-इंजिन नियमावलीत ३३.२८ या कलमाखाली इंजिन-नियंत्रणाच्या अटी आहेत. नियंत्रणातील एखाद्या बिघाडाने इंजिनाची शक्ती धोकादायक रीतीने बदलता कामा नये, हा त्यांचा गाभा. आज्ञावलीसाठी ‘डीओ-१७८’ हा दंडक १९८२ साली प्रथम निघाला. त्याची सध्याची आवृत्ती २०११ ची आहे. संभाव्य दुष्परिणामानुसार आज्ञावलीची ए पासून ई पर्यंत वर्गवारी करावी आणि ज्या आज्ञावलीच्या चुकीने विमान कोसळू शकते तिची पडताळणी सर्वांत कठोर असावी, असे तो सांगतो. मात्र तयार वस्तू निर्दोष आहे हे चाचणीने पूर्णपणे सिद्ध करता येत नाही, म्हणून ती तयार करण्याची पद्धत तपासावयाची, अशी ही तडजोड आहे. तडजोड वाजवी आहे. पण पद्धत तपासणारा मनुष्य जाणकार व स्वतंत्र असेल तरच.

तो तसा असूनही त्याचे ऐकले नाही तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. २ जून १९९४ च्या सायंकाळी शाही वायुदलाचे ‘चिनूक’ हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडमधून इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्जकडे निघाले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील मल ऑफ किन्टायर येथे धुक्यात ते डोंगरावर आदळले आणि आतील सर्व २९ जण ठार झाले. त्यांतील २५ प्रवासी उत्तर आयर्लंडमधील दहशतवादाविरुद्ध काम करणारे गुप्तवार्ता अधिकारी होते. हेलिकॉप्टर एचसी-२ या नव्या रूपातील होते आणि त्याच्या इंजिनांवर नवे फॅडेक बसविलेले होते.

या फॅडेकचा पूर्वेतिहास बोलका आहे. १९८९ साली अमेरिकेत जमिनीवर चाचणी सुरू असताना एका ब्रिटिश चिनूकचे इंजिन अनावर वेगाने फिरले आणि हेलिकॉप्टरची मोठी हानी झाली. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने इंजिन बनविणाऱ्या कंपनीकडे भरपाई मागितली. १९९३ साली आज्ञावलीची तपासणी एका स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आली. तिने १८ टक्क्यांहूनही कमी भाग वाचला, त्यात ४८५ विसंगती आढळल्या आणि तपासणी तेथेच थांबली. प्रत्येक विसंगती म्हणजे अपघाताला निमंत्रण नव्हे, हे खरे. पण ज्या मजकुराचा पाचवा हिस्साही धड वाचून झाला नाही, त्याच्या आधारे माणसे आकाशात न्यावयाची काय? वायुदलाच्या बॉस्कम डाउन येथील चाचणी केंद्राला ही आज्ञावली पडताळण्याजोगी वाटत नव्हती. अपघाताच्या आदल्या दिवशीच, १ जूनला, त्या केंद्राने आपली या हेलिकॉप्टरची चाचणी-उड्डाणे थांबविली होती. सेवेतील उड्डाणे मात्र चालू राहिली. परीक्षक उडावयास तयार नाही आणि प्रवासी उडत आहेत, असा हा विपरीत प्रकार होता.

अपघातग्रस्त हेलिकॉप्टरात ना संभाषण-ध्वनिमुद्रक होता ना उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र. चौकशी मंडळाला कारण निश्चित करता आले नाही. तरीही १९९५ साली दोन वरिष्ठ हवाई अधिकाऱ्यांनी मृत वैमानिकद्वयावर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. मृत वैमानिकाला दोषी ठरवावयाचे तर तिळमात्रही शंका उरता कामा नये, असा वायुदलाचाच त्या वेळचा नियम होता. १९९६ साली स्कॉटलंडमधील न्यायालयीन चौकशीने या ठपक्याला दुजोरा दिला नाही. २००२ साली उमराव सभागृहाच्या समितीने तो असमर्थनीय ठरविला. अखेर लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर जुलै २०११ मध्ये तो रद्द झाला आणि संरक्षणमंत्र्यांनी वैमानिकांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली. अपघात फॅडेकमुळे झाला, असे आजवर सिद्ध झालेले नाही. कदाचित तो धुक्यामुळेच झाला असेल. पण आज्ञावलीबद्दलची शंका तिच्या पुरस्कर्त्यांच्या बाजूने धरली गेली आणि वैमानिकांबद्दलची शंका त्यांच्या विरुद्ध. मृताला वकीलपत्र देता येत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण असावे. या प्रकरणातील काही कागदपत्रे २०९४ सालापर्यंत बंद ठेवण्यात आली आहेत.

चिनूक हे नाव भारतालाही परके नाही. त्याच हेलिकॉप्टरची नवी आवृत्ती मार्च २०१९ मध्ये भारतीय वायुसेनेत दाखल झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इंजिनांना आगी लागण्याच्या घटनांमुळे अमेरिकी सैन्याने आपल्या चिनूकची उड्डाणे थांबविली, तेव्हा भारताला उत्पादक कंपनीकडे तपशील मागावा लागला. खरेदीदार आणि माहिती यांच्यामध्ये किती अंतर आहे, ते यावरून कळते.

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास हा प्रश्न जुहूच्या विमानतळावर रोज उभा असतो. तेथून मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसे नेणारी हेलिकॉप्टरे उडतात. या कामासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीला पुढे ‘पवनहंस’ हे नाव मिळाले. तिच्या पहिल्या ‘डॉफिन’ हेलिकॉप्टरांचा गव्हर्नर जुन्या पद्धतीचा होता. पुढे आलेल्या ‘एन-थ्री’ या डॉफिनमध्ये व ‘सिकॉर्स्की एस-७६डी’मध्ये तो अंकीय झाला. या मार्गाने अनेक बळी घेतले आहेत. ११ ऑगस्ट २००३ रोजी एका खाजगी कंपनीचे एमआय-१७२ समुद्रात पडून २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी एन-थ्री डॉफिनमधील सातही जण, त्यांत तेल महामंडळाचे पाच अधिकारी, मृत्युमुखी पडले. २८ जून २०२२ रोजी एस-७६डी तेलविहिरीजवळ समुद्रात उतरले आणि नऊपैकी चौघे वाचू शकले नाहीत. हे अपघात इंजिनाच्या नियंत्रणामुळे झाले, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. मुद्दा प्रवाशाच्या स्थितीचा आहे. फलाटावर पाळीसाठी जाणारा तंत्रज्ञ हेलिकॉप्टर निवडीत नाही. नोकरीबरोबर ते येते.

अर्थशास्त्रात १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात, तेथे बाजार चांगल्या मालाची कदर करू शकत नाही. फॅडेकच्या बाबतीत ही विषमता पराकोटीची आहे. आज्ञावली कंपनीची गुप्त मालमत्ता. ती हेलिकॉप्टर चालविणाऱ्या संस्थेलाही वाचावयास मिळत नाही, मग वैमानिकाची व प्रवाशाची गोष्टच दूर. त्यात पवनहंसमध्ये केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के आणि तेल महामंडळाचा ४९ टक्के. म्हणजे मुख्य ग्राहक हाच भागीदार. नियमन करणारे खातेही त्याच सरकारचे. अशा जागी शंका विचारणाऱ्याला बसावयास खुर्चीच उरत नाही.

खरेदीचा निर्णय राजकारणाने झाला की काय होते, हे पवनहंसने आरंभीच अनुभवले आहे. १९८६ साली ब्रिटनच्या साडेसहा कोटी पौंडांच्या मदतीतून २१ ‘वेस्टलँड-३०’ हेलिकॉप्टरे घेण्यात आली. मदत ब्रिटिश माल घेण्याच्या अटीने बांधलेली होती आणि वेस्टलँड कंपनी तेव्हा डबघाईला आली होती. दोन जीवघेण्या अपघातांनंतर १९९१ साली ही हेलिकॉप्टरे जमिनीवर आणली गेली आणि पुढे सुमारे नऊ लाख पौंडांत विकली गेली. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत असे म्हणतात. हेलिकॉप्टरला ते लागू नाही.

भारतात नागरी विमानांची सुरक्षितता नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, पण रचना फारशी पालटली नाही. परदेशी हेलिकॉप्टराला मान्यता देताना मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवण्याची प्रथा आहे. प्रत्येक देशाने प्रत्येक आज्ञावली नव्याने तपासावी हे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण दुसऱ्याचे प्रमाणपत्र स्वीकारावयासही ते वाचू शकणारा माणूस लागतो. संसदेच्या स्थायी समितीने २०२५ साली निदर्शनास आणले की, महासंचालनालयातील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी पदे रिक्त आहेत. दुसरे असे की, २०१२ साली स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग महासंचालनालयापासून वेगळा असला तरी त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. नियमनातच त्रुटी राहिली असेल तर ती शोधण्याचे काम एका भावाने दुसऱ्याविरुद्ध करावयाचे, आणि वडील दोघांचे एकच.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद येथील विमान अपघाताने हा प्रश्न धगधगता केला. इंधनाचे दोन्ही खटके उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेल्याचे प्राथमिक अहवालात नमूद झाले. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारणा केली व त्याने नकार दिला, एवढेच संभाषण त्यात सारांशाने आले. त्या तुटपुंज्या मजकुरावर देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी मृत वैमानिकांचा निवाडा करून टाकला. संपूर्ण मुद्रण व नियंत्रण-संगणकांच्या नोंदी योग्य वेळी खुल्या करण्याचे बंधन कायद्यात असते, तर अफवांना इतके मोकळे रान मिळाले नसते. हेलिकॉप्टरांच्या बाबतीत हे बंधन आणखी निकडीचे आहे. तेलविहिरींवर, देवस्थानांना आणि निवडणुकीच्या प्रचाराला माणसे नेणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर, ते लहान असो वा मोठे, इंजिन-नियंत्रणाची नोंद अपघातातून वाचेल अशा रीतीने साठविणारे यंत्र सक्तीचे करावयास हवे. परदेशातील नियमनकर्त्याने इंजिनाच्या आज्ञावलीसंबंधी काढलेली सूचना येथील वैमानिकाच्या हाती किती दिवसांत पोचली, याचा हिशेबही प्रसिद्ध व्हावा.

मनुष्यबळाच्या अभावाची सबब येथे टिकणारी नाही. परदेशी विमान-उद्योगासाठी ‘डीओ-१७८’नुसार आज्ञावलीची ओळ न् ओळ पडताळण्याचे काम बंगळूरमध्ये कित्येक वर्षे चालू आहे आणि ते भारतीय अभियंतेच करीत आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हे काम शिकविले तर येते. परक्या उत्पादकासाठी ही पडताळणी करणारा अभियंता देशात आहे. त्याला महासंचालनालयात आणावयाचे तर त्याच्या कौशल्याला साजेशी वेतनश्रेणी, त्वरेने होणारी भरती आणि त्याने प्रतिकूल शेरा मारला तर तो फाइलीत दडपला जाणार नाही अशी व्यवस्था, या तीन गोष्टींची तरतूद मंत्रालयाला करावी लागेल.