आकडेमोड – १४ : हातचा न लागणारा वर्ग

आज ६१७४ या कापरेकर स्थिरांकावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण एका वाचकानं विचारलंय : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ही गंमत कुठवर चालते? उत्तर सोपं आहे, नऊ एकांपर्यंत. पण त्या नवव्या पायरीवर १२३४५६७८९८७६५४३२१ उभी असते, आणि तिला एका वाक्यात वाटेला लावणं माझ्याच्यानं होणार नाही.

साध्या कॅल्क्युलेटरवर हे सतरा अंक मावत नाहीत. कागद घ्या आणि १११११११११ ला त्याच संख्येनं शाळेतल्या पद्धतीनं गुणा. नऊ ओळी येतील, सगळ्या एकांच्याच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एक, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन. नवव्या घरात नऊ, आणि तिथून उतार. हातचा कुठंच नाही. दहा एक घेतले की दहाव्या घरात १० होतात : शून्य मांडा, हातचा एक. पुढच्या घरात ९ आणि हातचा, पुन्हा शून्य. त्यापुढच्या ८ चे होतात ९. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला की हो!

देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली, जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. त्यांची व्याख्या वर्गांपुरती नव्हती. १६५ सुद्धा डेम्लोच, कारण कडेचे १ आणि ५ मिळून मधला ६ होतो. आपल्या संख्येचे पहिले आठ अंक नि शेवटचे आठ अंक मिळवून पाहा : १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१, बरोबर ९९९९९९९९. आणि मध्ये ९ बसलेलाच आहे.

आता खरी मजा. सतराही अंकांची बेरीज ८१. त्यानं संख्येला भागा, नि:शेष भाग जातो, म्हणजे ही हर्षद संख्याही झाली. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, हा १२३४५६७९ चा वर्ग. इथंही ८ गाळलेलाच. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद निघतात ते तीनच : १, १२३२१ आणि ही.

भागण्याऐवजी ८१ नं गुणलं तर? ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे दोन तुकडे करा : ९९९९९९९९८ आणि १. बेरीज पुन्हा ९९९९९९९९९. मागच्या वेळी ४५ च्या वर्गाचे, २०२५ चे, २० आणि २५ असे तुकडे करून पुन्हा ४५ मिळवले होते, तशीच ९९९९९९९९९ ही कापरेकर संख्या.

डेम्लो, हर्षद, कापरेकर : मास्तरांची तिन्ही अपत्यं एका संख्येभोवती जमतात. त्यांच्याच ६१७४ च्या बोलबाल्यात हे सगळं झाकलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी पुढच्या आठवड्यात ६१७४ नक्की. तोवर अकरा एकांचा वर्ग हातानं करून पाहा आणि उत्तर कळवा.