एकाच पेल्याची मंडळी

डिसेंबर 1831. अमेरिकन मराठी मिशनची काही माणसं मुंबईहून घाट चढून नगरला आली. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ होते. ते नुकतेच ख्रिस्ती झालेले, आणि मराठी त्यांच्याच घरातली. नगरात तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर निराधारांसाठी एक आसरागृह चालत असे. आंधळे, पांगळे, महारोगी, म्हातारपणी घरच्यांनी टाकलेले असे लोक तिथे राहत. त्यांच्या देखरेखीचं काम बाबाजींकडे आलं. रोज धान्य वाटायचं, आजाऱ्याची विचारपूस करायची आणि त्याच अंगणात प्रार्थना घ्यायची, असा त्यांचा दिनक्रम होता.

1833च्या मार्चमध्ये नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. तिचे मोजके सभासद होते, आणि त्यांत मिशनरी कुटुंबांच्या जोडीला याच आसरागृहातली माणसं होती. मराठी प्रॉटेस्टंट माणूस ‘चर्च’ हा शब्द इमारतीसाठी वापरतो. माणसांच्या समुदायाला तो ‘मंडळी’ म्हणतो. घरच्या माणसांना, पाहुण्यांना, भजनाला जमलेल्यांना आपण वापरतो तोच हा शब्द. नगरच्या या मंडळीचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथे आधी मंडळी उभी राहिली आणि मग तिने गोरगरिबांसाठी काम सुरू केलं, असा क्रम नाही. गोरगरीब हेच तिचे पहिले सभासद. देणारा आणि घेणारा एकाच सतरंजीवर बसला होता, आणि पुढच्या सगळ्या वाटचालीवर त्या बैठकीची छाप आहे.

त्या बैठकीचा अर्थ समजायचा तर प्रभुभोजनाचा विधी डोळ्यांसमोर आणावा लागतो. पाळक भाकर मोडतात आणि ती सगळ्यांत वाटली जाते. मराठी बायबलमध्ये शब्द ‘भाकर’ असाच आहे. ज्वारीच्या मुलखात तो कानाला परका वाटत नाही. मग द्राक्षारसाचा पेला फिरतो. आज बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला छोटी वेगळी वाटी मिळते, पण त्या काळात एकच पेला हातोहात जाई. 1833 साली जन्माने ब्राह्मण असलेल्या बाबाजींनी ज्या पेल्याला ओठ लावायचे, त्यालाच महाराने आणि मांगाने लावायचे. गावच्या विहिरीवर ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा उष्टा पेला. मिशनने याबाबतीत सवलत ठेवली नाही. ज्याला जात सांभाळायची असेल त्याला मंडळीत येता येत नसे. बाबाजी त्याच वर्षी पटकीने गेले. मिशनरी हॉलिस रीड यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि ते 1836 साली न्यूयॉर्कला छापलं गेलं. अमेरिकेतल्या वाचकांनी एका मराठी माणसाचं आयुष्य पुस्तकभर वाचण्याचा तो फार लवकरचा प्रसंग असावा.

एक पेला मान्य केला की बाकीची दारं बंद ठेवणं अवघड होतं. शाळेचं दार उघडलं ते सिंथिया फॅरार यांनी. लग्न न केलेली ही अमेरिकन शिक्षिका 1827 साली मुंबईत उतरली, 1839 साली नगरला आली आणि 1862 साली नगरलाच वारली. मुलींना शिकवावं हे तेव्हा फारसं कुणाच्या गावी नव्हतं. बाईंनी एकेक घर करून मुली गोळा केल्या. त्यांची शाळा पाहायला एकदा पुण्याहून एक तरुण आला, आपल्या मित्राबरोबर. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे, तेव्हा नगरला नोकरीला होते. तरुण म्हणजे जोतीराव फुले. पुण्याला परतल्यावर 1848 साली त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतल्याचं चरित्रकार सांगतात. फुल्यांच्या कामाचं श्रेय फुल्यांचंच. पण ठिणगी पडली ती नगरच्या एका वर्गात, याचा नगरकरांना अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा.

1842 साली याच गावातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. हेन्री बॅलंटाईन त्याचे पहिले संपादक. मराठीतल्या जुन्या नियतकालिकांपैकी बहुतेक काळाच्या पोटात गेली, हे मात्र टिकलं. 1854 साली रामकृष्णपंत मोडक आणि हरिपंत खिस्ती या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीची सूत्रं मराठी माणसाच्या हाती आली ती अशी. गावोगावच्या मंडळ्यांच्या संघाला नाव मिळालं ‘ऐक्य’. शब्द साधा आहे, पण वाड्यावस्त्यांवरून पायी चालत वार्षिक सभेला येणाऱ्या माणसाला तो किती मोठा वाटत असेल याची कल्पना करावी.

उपासनेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या मंडळीने मराठीला दिलेलं सर्वांत मोठं देणं तिथे आहे.

सुरुवातीची गीतं इंग्रजी चालींवर होती. बॅलंटाईन यांनी मराठीत पुष्कळ गीतं रचली आणि लोकांनी ती भक्तीने म्हटली. पण ओवी-अभंगावर वाढलेल्या गळ्याला ती चाल घट्ट अंगरख्यासारखी होती. 1860च्या दशकात नगरच्या मेळ्यांमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी पूर्वरंग, उत्तररंग, वीणा, टाळ हा सगळा साज घेऊन ख्रिस्तकथा सांगायला सुरुवात केली. ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तक देऊन काय उपयोग? कीर्तनाला मात्र तो रात्रभर बसत असे. शिकलेल्यासाठी छापखाना आणि न शिकलेल्यासाठी कीर्तन, अशी दोन्ही सोय या मंडळीने केली. यालाही दानधर्मच म्हणायला हवं, भाकरीइतकाच गरजेचा.

मग नारायण वामन टिळक आले. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगोलग ते नगरला येऊन इथल्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवू लागले. हा कवी संतवाङ्मय कोळून प्यालेला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि त्यांच्या भजनांत तो पूल जागोजाग दिसतो. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची गीतं पानोपानी आहेत. आजही रविवारी पेटीवर सूर धरला, तबल्यावर थाप पडली आणि टिळकांचं भजन सुरू झालं की पुस्तकं मिटली जातात. सगळ्यांना पाठ असतं. पुढच्या रांगेतली आजी डोक्यावरचा पदर सारखा करून डोळे मिटते, आणि मागे उभा असलेला नोकरीवरून तडक आलेला मुलगा झांज उचलतो.

लक्ष्मीबाई टिळकांचा प्रवास आणखी बोलका आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सोवळं सोडायला तयार नव्हत्या. कुणाच्या हातचं पाणीसुद्धा त्यांना चालत नसे. ते एकेक बंधन कसं गळत गेलं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये इतक्या निर्मळपणे सांगितलं आहे की मराठी गद्यात त्याला जोड नाही. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच जवळजवळ तडीला नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने अध्यायामागून अध्याय ओवीत रचले. एका पेल्याच्या मंडळीत बाईला लेखणी मिळाली, हे तिचं मोठंच पुण्य.

पण सगळंच असं उजळ नव्हतं. 1876-77चा दुष्काळ, मग 1896-97चा आणि पाठोपाठ 1899-1900चा. नगर जिल्हा आधीच अवर्षणाचा. विहिरी आटल्या, जनावरं कसायालाही विकली जाईनात, रस्त्याकडेला पोरकी मुलं बसलेली. मिशनची वसतिगृहं अनाथ मुलांनी भरली. रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेतून मदत आणून ती गावोगाव पोचवली. त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं ते याच कामासाठी. याच काळात शंका बळावली, आणि ती आजतागायत विचारली जाते: भुकेल्याला अन्न दिलं की त्याचा धर्म विकत घेतला?

हा प्रश्न उडवून लावू नये. उपाशी माणसाच्या निर्णयात भुकेचा वाटा किती आणि मनाचा किती, हे बाहेरच्याने सांगणं कठीण. पण उलट बाजूही पाहावी. ज्या महार-मांग कुटुंबांनी तेव्हा बाप्तिस्मा घेतला त्यांना धान्य एका हंगामापुरतं मिळालं. मुलांची शाळा, सभेत बरोबरीने बसण्याचा हक्क आणि नावामागे लागलेला आदर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. भूक भागल्यावर माणसं निघून गेली असती तर गोष्ट वेगळी होती. ती राहिली, त्यांची नातवंडं मास्तर झाली, नर्स झाली, पाळक झाली.

शिवाय त्या अनाथ मुलांना नुसतं पोसून भागणार नव्हतं, हे मंडळीने ओळखलं होतं. सर डी. एम. पेटिट यांच्या नावाने चालणाऱ्या औद्योगिक शाळेत सुतारकाम आणि इतर कसब शिकवलं जाई. देणगी पारशी दात्याची, शाळा ख्रिस्ती मिशनची आणि मुलं सगळ्या जातींची. 1901 साली डी. सी. चर्चिल नावाचा अभियंता आला. नगर हे साळ्या-कोष्ट्यांचं जुनं गाव. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मरायला टेकला होता. चर्चिल यांनी कोष्ट्यांच्या मागाचा अभ्यास करून सुधारलेला हातमाग तयार केला. उद्देश हा की विणकराला तेवढ्याच वेळात जास्त कापड निघावं आणि त्याला घर सोडून गिरणीत जावं लागू नये. बायबल शिकवायला आलेल्या मिशनमध्ये एक माणूस धोट्याचा वेग मोजत बसला होता, हे चित्र मनातून जात नाही.

पैशाबद्दलचा सर्वांत कडक सवाल मात्र आतूनच आला. विलायती पैशावर चालणारी मंडळी कायम मिंधी राहील, पाळक मिशनचा पगारी नोकर होईल आणि ख्रिस्त या देशाला परकाच वाटेल, अशी खंत टिळकांना जाळत होती. 1917 साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं, सातारला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते गेले. दरबार टिकला नाही. सवाल टिकला, आणि नगरच्या मंडळ्या पुढे स्वतःच्या अर्पणावर उभ्या राहू लागल्या त्यात त्या सवालाचा वाटा आहे.

1947 साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. याच मातीतल्या ख्रिस्ती घरातला हा माणूस. तोवर नगरच्या पोराला पुढे शिकायचं तर पुणं किंवा मुंबई गाठावी लागे. कॉलेज सर्वांसाठी उघडं होतं आणि आजही दुष्काळी तालुक्यांतली मुलं तिथे शिकतात. मिशनच्या क्लेरा ब्रूस शाळेतून मुलींच्या कित्येक पिढ्या बाहेर पडल्या. मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल हे वेगळ्या पंथाचं, पण नगरकर असा पंथभेद करत नाही. 2020 साली कोविडमध्ये माणसं एकमेकांच्या सावलीला भिऊ लागली, तेव्हा त्या इस्पितळाने रुग्णांना मोफत दाखल करून घेतलं. गावाने धान्य, औषधं, पैसे आणून दिले. 2024 साली शहराचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ‘आम्ही नगरचे’ म्हणणं काही सुटलेलं नाही.

मोठ्या संस्थांची नावं इतिहासात येतात. मंडळीचं रोजचं देणं मात्र लहान असतं, आणि ते पाहायचं तर हंगामाच्या सणाला जावं. पीक घरात आलं की एका रविवारी वेदीपुढे अर्पणाची रास लागते. ज्वारीची कणसं, बाजरीची पायली, भोपळा, पपई, पाय बांधलेली कोंबडी, घरच्या अंड्यांची टोपली, शहरातल्यांनी आणलेले साखरेचे पुडे आणि केक. ज्याच्याकडे शेत नाही तो एक नारळ ठेवतो. गीत, वचन, प्रार्थना होते, आणि मग लहान मुलं ज्याची वाट पाहत असतात तो लिलाव सुरू होतो. मंडळीतला खणखणीत आवाजाचा एखादा पंच पुढे येतो. नारळाची बोली बाजारभावाने सुरू होऊन बघता बघता कितीतरी पटींनी वर जाते, कारण घेणाऱ्यांत चढाओढ लागलेली असते. घेतलेला नारळ कुणी परत राशीत ठेवतो, ‘पुन्हा बोला’ म्हणतो, आणि तोच नारळ दोनदा, तीनदा विकला जातो. कोंबडी सुटते, मुलं तिच्यामागे धावतात.

शेवटी दोन वडील आणि खजिनदार बाकावर बसून पैसे मोजतात. त्यातला काही भाग चर्चच्या छपराला, काही पाळकांच्या वेतनाला जातो. अनेक मंडळ्यांत दीनांसाठी वेगळा निधी असतो. त्यातून कुणाची फी भरली जाते, कुणाचं औषध येतं, कुणाच्या दफनविधीचा खर्च भागतो. कुणाला दिलं ते फलकावर लावत नाहीत. पाळकीणबाई एखाद्या म्हाताऱ्या विधवेच्या घरी संध्याकाळी जाते, ‘सलाम, आजी’ म्हणते, थोडा वेळ बसते, प्रार्थना करते आणि उठताना उशाखाली पाकीट सरकवते. त्या आजीने सकाळी राशीत मूठभर हरभरे ठेवलेले असतात.